चौरासी कुटियाला विकासापासून वाचवा

ऋषिकेशला जाऊन आलेल्या आयटीवाल्यांचं 'बीटल्स आश्रमा'बद्दलचं मत साधारण एकच असतं. "काही नाहीये रे तिथे! पडक्या भिंती नुसत्या. निदान एखादा कॅफे तरी काढायचा." मी स्वतः तिथे जाऊन आल्यापासून हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं.

आधी थोडा इतिहास. (माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकावा.) महर्षी महेश योगींनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन गंगेच्या वरच्या अंगाला हा आश्रम बांधला. फेब्रुवारी 1968मध्ये बीटल्स तिथे आले. रिंगो स्टार दहाएक दिवसांतच परतला, जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन एप्रिलपर्यंत टिकले. तेवढ्या दिवसांत गाणी मात्र ढिगाने झाली. त्यातली बरीच त्याच नोव्हेंबरात 'व्हाइट अल्बम'मध्ये आली. पुढे पट्टा संपला, माणसं गेली, जागा वनखात्याकडे आली आणि झाडं वाढली. डिसेंबर 2015मध्ये तिकीट लावून ती लोकांसाठी उघडली. आता तिथल्या 'विकासा'च्या योजनांची चर्चा चालू असते.

माझा विरोध या विकासालाच आहे.

उगाच भाबडेपणा नको. महर्षी काही पर्णकुटीत राहत नव्हते. परदेशी पाहुण्यांच्या खोल्यांत पाश्चात्त्य पद्धतीची सोय होती. म्हणजे ते त्या काळातलं एक बऱ्यापैकी रिसॉर्टच होतं म्हणा ना! ते जंगलाने खाल्लं. आज बघण्यासारखं आहे ते हेच. नदीतले गोटे लावलेल्या त्या घुमटाकार ध्यानकुटी, छत गेलेल्या खोल्यांत उगवलेली झाडं, खाली गंगेचा आवाज. आणि आपण म्हणतोय, तेच रिसॉर्ट परत बांधा!

मी खारघरला राहतो, त्यामुळे विकास काय असतो ते मला कुणी सांगू नये. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला, नदी वळवली. त्याची गरज होती, मान्य. विमानतळ काही हवेत बांधता येत नाही. पण ऋषिकेशला कसली कमतरता आहे? कॅफे आहेत, राफ्टिंग आहे, बंजी आहे. नाहीये ती फक्त 'काही नसलेली' जागा.

आणि गाणी आली ती नेमकी त्यातूनच. स्टुडिओ नाही, पत्रकार फाटकाबाहेर, हातात साध्या गिटारी आणि भरपूर मोकळा वेळ. डोनोव्हनने लेननला बोटांनी तारा छेडायची पद्धत तिथेच शिकवली. मोकळा वेळ असल्याशिवाय कोण कुणाला काय शिकवणार? आपल्याला दोन तास नुसतं बसायचं म्हटलं की घाम फुटतो. हा दोष आपला आहे, त्या जागेचा नाही. 'काही नाहीये' म्हणजे 'करायला काही नाहीये', एवढाच आपल्या तक्रारीचा अर्थ.

"मग पडू द्यायचं का सगळं?" असं कुणी विचारेल. अजिबात नाही. धोकादायक स्लॅबना आधार द्या. स्वच्छ संडास आणि प्यायचं पाणी द्या. आश्रम कोणी, कधी बांधला हे सांगणारे नीट फलक लावा. सत्संग हॉलच्या भिंतींवर 2012 साली कलाकारांनी काढलेल्या चित्रांवर कुणी आपली नावं खरडत असेल, तर सणसणीत दंड करा. रोजगाराचं म्हणाल तर आसपासच्या गावांतल्या पोरांना गाइड म्हणून तयार करा. कॅफेत वेटर होण्यापेक्षा ते बरं.

बाकी काम झाडं करताहेत. बिनपगारी, आणि आपल्यापेक्षा चांगलं. त्यांना करू द्या.