मोहल्ला आवडतो, म्हणजे सगळं ठीक आहे?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अम्मी मात्र औरंगाबादच्या जुन्या शहरातलं घर सोडायला तयार नाही. "इथं काय कमी आहे?" ती विचारते. जवळच मशीद, हाकेला धावणारे शेजारी, खाली किराणा. आणि नळाला पाणी? ते कित्येक दिवसांनी एकदा.

मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली. पुढे नहर-ए-अंबरी बांधून जमिनीखालून शहरात पाणी आणलं. त्याच शहरात आज आम्ही पिंपं भरून ठेवतो.

म्हणून "जुन्या वस्तीतले लोक समाधानी आहेत" हे वाक्य मला खटकतं. शेजाराचं समाधान आणि सोयींचं समाधान यांची सरासरी काढली की गैरसोय लपते. प्रश्न दोन हवेत: इथंच राहायचंय का? आणि राहायचं तर काय हवं?

दोस्तांनो, आपण शिकलो, नोकऱ्या लागल्या, बाहेर पडलो. येत्या ईदला घरी जाल तेव्हा गल्लीतल्या वीस घरांना हे दोन प्रश्न विचारा. उत्तरं लिहून वॉर्ड ऑफिसात द्या, पोचपावती घ्या. अम्मीचं मोहल्ल्यावर प्रेम आहे. ती सोयी टाळणाऱ्यांना दिलेली माफी नव्हे.