रिकामी वाटी

परवा रात्री भाचीचा फोन आला. तिच्या नवऱ्याची कोलकात्याला बदली झाली आहे आणि दोघांना तिथं जाऊन जेमतेम दोन महिने झालेत. खोकी अजून पुरती उघडलेली नाहीत. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मावशी, यंदा दिवाळी करावीशीच वाटत नाही गं. तिकिटं मिळाली नाहीत. इथं ओळखीचं कुणी नाही. दोघांसाठी कुठं चकल्या तळत बसू?"

मी म्हटलं, "मग नको करूस. फक्त एक कर. उद्या शेजारी जा आणि वाटीभर बेसन उसनं मागून आण."

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. "अगं, बेसन आहे माझ्याकडं!"

"असू दे. तरी माग."

तिला जे फोनवर नीट सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते. कारण दर वर्षी या दिवसांत कितीतरी मुली परक्या गावातल्या नव्या घरात, अर्धवट उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून हेच म्हणत असतील.

१९९७ साली यांची चेन्नईला बदली झाली. शहराचं मद्रास हे नाव आदल्याच वर्षी बदललं होतं आणि रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे अजून मद्रासच म्हणत होते. साताऱ्याच्या शाळेतली माझी नऊ वर्षांची नोकरी मी सोडली होती. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. मैलापूरला, कपालीश्वराच्या देवळापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आम्हाला जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. घर छान होतं, पण मला ते आपलं वाटत नव्हतं. भाजी बोट दाखवून घ्यायची आणि पैसे हाताच्या बोटांवर मोजून द्यायचे. वर्गात मुलांना तासभर गोष्ट सांगणारी मी, तिथं मुकी झाले होते.

मुलगी शाळेतून रडत यायची, कारण तमिळच्या तासाला तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एका रात्री मी यांना म्हटलं, "दिवाळी झाली की मी मुलांना घेऊन साताऱ्याला परत जाते. दुसऱ्या सहामाहीला घेतील त्यांना शाळेत. तुम्ही राहा इथं." हे काही बोलले नाहीत. हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मी रागाने नव्हते बोलले, अगदी शांतपणे बोलले होते. म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं असावं.

दिवाळी जवळ आली. गाडीचं आरक्षण मिळालं नाही. सासूबाईंनी फराळाचं पार्सल पाठवल्याचं पत्र आलं, पार्सल काही येईना. त्यात पाऊस! आपल्याकडं दिवाळीत हवा कशी कोरडी, गार, स्वच्छ. चेन्नईला मात्र खरा पावसाळा तेव्हाच. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि वर्षभरातल्या पावसातला निम्म्याहून जास्त याच तीन महिन्यांत. दारातली रांगोळी पुसली जात होती. यांनी कामट्या आणून मुलांसाठी कंदील केला. तो गॅलरीत टांगला आणि तासाभरात त्याच्या शेपट्या लोळागोळा झाल्या. रात्री पाणी प्यायला उठले तर हे स्टुलावर उभे राहून कंदिलाभोवती प्लॅस्टिकचा कागद बांधत होते. मी काही न बोलता आत गेले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी मुलानं प्रश्न केला, "आई, कारीट कुठाय?" पहाटे आंघोळीच्या वेळी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून नरकासुराला मारायचं, ही त्याची दिवाळी. मी म्हटलं, "इथं मिळत नाही." तो गप्प बसला, असं मला वाटलं. दहा मिनिटांनी पाहते तर घरात नाही. खाली शेजारच्या मामींच्या दारात उभा राहून, पाय आपटून त्यांना नरकासुराचा वध करून दाखवत होता.

या मामी म्हणजे साठीच्या पुढच्या, नऊवारीसारखं लुगडं नेसणाऱ्या, रोज पहाटे तांदळाच्या पिठीचं कोलम काढणाऱ्या. चार महिन्यांत आमचं बोलणं हसण्यापलीकडं गेलं नव्हतं. मुलं मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून मामी म्हणत. तिकडं ब्राह्मण घरांतल्या वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात. आमच्या मुलांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या दारात जाऊन मागितलं! मी त्याला ओढून आणायला खाली धावले. पण मामींना नरकासुर बरोबर कळला होता. आत जाऊन त्या स्टीलची छोटी वाटी घेऊन आल्या. वाटीत हिरवी, वाटाण्याहून जराशी मोठी, गोल फळं होती. सुंडक्काय. तिकडं त्याची आमटी करतात, वाळवून तळतात. कडू असतात. मामींनी एक फळ दातांत धरून तोंड वाकडं करून दाखवलं आणि मुलाच्या पायाकडं बोट केलं. कडू आहे, गोल आहे, फोडता येतं. आणखी काय हवं नरकासुराला?

मग मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं तेलाची आंघोळ किती वाजता?" मी चकितच झाले. मला वाटत होतं, अभ्यंगस्नान फक्त आपलंच. तिकडं तर दीपावली म्हणजे नरकचतुर्दशीच. सूर्योदयापूर्वी घरातल्या वडिलांनी सगळ्यांच्या डोक्यावर तिळाचं तेल घालायचं, शिकेकाईनं न्हायचं, हळद लावलेले नवे कपडे घालायचे. मग आधी लेगियम चाटायचं. सुंठ, मिरे, ओवा, गूळ, तूप असं आटवलेलं ते औषध. पुढं दिवसभर फराळ पचावा म्हणून! हे शहाणपण आपल्याला कसं सुचलं नाही, असं मला दर दिवाळीत वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला दार वाजलं. मामी तेलाची वाटी घेऊन उभ्या. त्यांनी आधी मुलांच्या डोक्यावर तेल घातलं. मग मला पाटाकडं बोट दाखवलं. "तू पण." लग्न झाल्यावर कुणी मला पाटावर बसवून तेल लावलं नव्हतं. सासरी सगळ्यांना लावणारी मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तेलावर ढकललं.

सकाळभर जो भेटेल तो विचारत होता, "गंगास्नानम् आच्चा?" म्हणजे झालं का गंगास्नान? दुपारी मात्र सगळं शांत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी होतं, पण खाली कुणाच्या दारात पणती नाही. तिकडच्या लोकांची दीपावली सकाळीच आटोपली होती. पाडवा आणि भाऊबीज तर त्यांच्या पंचांगात सणच नव्हेत. आमच्या दारातल्या चार पणत्या आणि प्लॅस्टिक गुंडाळलेला तो कंदील, अख्ख्या गल्लीत एकटेच.

भाऊबीजेला दिवसभर आभाळ भरलेलं. भाऊ नसला किंवा येऊ शकला नाही तर चंद्राला ओवाळावं, असं आई सांगायची. पण बीजेची ती बारीक कोर पावसात कुठून दिसणार? ताट तयार करून मी गॅलरीत उभी होते, तेवढ्यात मामींचा मुलगा आमची छत्री परत द्यायला वर आला. चाळिशीचा गृहस्थ. सगळे त्याला अण्णा म्हणत, मीही म्हणे. तिकडंही मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात. मुलीनं त्याला शाळेतल्या इंग्रजीत भाऊबीज समजावून सांगितली. तो चप्पल काढून निमूटपणे पाटावर बसला. ओवाळून झाल्यावर ताटात काही घालायचं असतं हे कळल्यावर त्यानं खिसे चाचपले. पैसे खालीच राहिले होते. मग खिशाचं पेन काढून ताटात ठेवलं. त्या पेनानं मी पुढं तमिळ अक्षरं गिरवली.

दोन दिवसांनी सासूबाईंचं पार्सल आलं. चिवडा सर्दावलेला, अनारशांचे तुकडे झालेले. मामींची सुंडक्कायची वाटी अजून माझ्याकडं होती. रिकामी वाटी परत करू नये, हे आपल्या हाडीमांसी. त्यात अनारशांचे तुकडेच भरले आणि संकोचत खाली नेले. मामींनी एक तोंडात टाकला आणि ओरडल्याच, "इदु अदिरसम!" तांदळाचं पीठ आणि गुळाचं त्यांचं अदिरसम म्हणजे अनारशाचा सख्खा भाऊ. करंजीला सोमासी म्हणतात, चकलीला मुरुक्कू. फराळाची अर्धी यादी सारखी निघाली. दोन दिवसांनी वाटी वर आली, मुरुक्कू भरून. मग ती खाली गेली. मग पुन्हा वर आली.

त्या वाटीमागोमाग मीही जिना उतरायला लागले. मामींनी मला त्यांच्या एका मैत्रिणीकडं नेलं. ऐंशीच्या घरातल्या त्या आजी मला पाहून मराठीत बोलल्या! जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली ती तंजावरी मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरला गेले. १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य टिकलं, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या घराण्यांतली कित्येक अजून घरात मराठी बोलतात. या आजींनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. बाहेर त्या अस्सल तमिळ होत्या, घरात मराठी. एकीसाठी दुसरी त्यांनी सोडली नव्हती. सहा महिन्यांत बिस्तरा गुंडाळायला निघालेल्या मला त्यांच्यासमोर बसताना थोडी लाज वाटली.

दिवाळीनंतर दीडएक महिन्यानं एका संध्याकाळी मामी वर आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पणत्या काढ." कार्तिगै दीपम होता. दिव्यांचा त्यांचा खरा सण हा! त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर, कठड्यावर, जिन्याच्या पायरीपायरीवर दिवे लागले. घरोघर गुळात वळलेले लाह्यांचे लाडू. आमचा कंदील अजून गॅलरीतच होता, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. यांनी प्लॅस्टिक सोडलं आणि आत दिवा लावला. खालची मुलं मान वर करून बघत राहिली. साताऱ्याला परत जायचा विषय मी पुन्हा काढला नाही, यांनीही काढला नाही. आम्ही तिथं आठ वर्षं राहिलो. मुलीला तमिळ यायला दोन वर्षं लागली. माझं अजून मोडकंच आहे.

मैत्रिणींनो, नव्या गावी गेल्यावर आपण चुकतो कुठं, ते मला त्या वाटीनं शिकवलं. आपल्याला वाटतं, चांगल्या शेजारणीनं द्यावं. फराळाचं ताट झाकून नेऊन द्यावं. पण दिलेल्या ताटानं समोरची बाई उपकारात अडकते. तिनं आपलं ऐकावं असं वाटत असेल तर आधी तिच्याकडं काहीतरी मागावं. वाटीभर साखर मागा, दुधवाल्याचा पत्ता मागा, कढईच मागा. मागणारा माणूस परका वाटत नाही. मी चार महिने मानानं राहिले आणि एकटी राहिले. माझा सात वर्षांचा मुलगा जे करून बसला, ते मला सुचलं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी. तिथला सण कधी, कसा, हे आधी विचारून घ्या, म्हणजे दिवे लावून एकटं बसायची वेळ येत नाही. कोलकात्याला आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री कालीपूजा असते, तर आदल्या दिवशी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. भाऊबीज तिथंही आहे, भाई फोंटा म्हणतात. आणि घरची सगळी दिवाळी तशीच्या तशी उभी करायला जाऊ नका, दमून जाल. एकच गोष्ट निवडा, जिच्यावाचून तुमच्या घराला दिवाळी वाटणार नाही. ती मात्र सोडू नका. आमच्याकडं ते कारीट होतं.

काल भाचीचा पुन्हा फोन. समोरच्या काकीमांकडं गेली होती. त्यांनी बेसन दिलं, चहा पाजला, चौदा भाज्यांची नावं सांगितली आणि त्या दिवशी बाजारात बरोबर चल म्हणाल्या.

"पण मावशी, घोटाळा झालाय. वाटी माझ्याकडंच राहिलीय. आता ती रिकामी कशी परत करू?"

मी म्हटलं, "नकोच करूस."

पलीकडं ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांग बरं."