तीन मिनिटांची नोकरी

२७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून मुंबईकडे निघालेले जेट एअरवेजचे विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत गेले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून विमानात १६१ जण होते. सुदैवाने आग भडकली नाही आणि सर्वांचे प्राण वाचले. घाईघाईने उतरताना पंधराएक जणांना दुखापती झाल्या. अपघाताची चर्चा पुढे बरेच दिवस चालली. पण अशा वेळी सर्वांत आधी धावून येणारा बंब कोणाचा असतो, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणाला पडला नाही.

दाबोळी हा नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे. नागरी प्रवासी तेथे एका अर्थाने पाहुणे असतात. पुण्याच्या लोहगावचेही तेच. १९३९ साली उभारलेला तो हवाईदलाचा तळ. धावपट्टी हवाईदलाची आणि नियंत्रण मनोराही हवाईदलाचा. आपण नव्या टर्मिनलच्या चकचकीत फरशीवर चहाचे दर पाहून नाक मुरडत असतो, तेव्हा पलीकडे धावपट्टीच्या कडेला फोमने भरलेल्या बंबाशेजारी काही माणसे सज्ज असतात. सुखोईसाठी असतात तशीच ती आपल्या विमानासाठीही असतात. त्यांच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यावे असेही कधी वाटलेले नाही. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून येताना गाडीत समोर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. एका लष्करी विमानतळावर त्यांनी तीस वर्षे फायरमन म्हणून काढली होती. पुण्यापर्यंतच्या त्या प्रवासात बोलणे झाले नसते, तर हा लेखही झाला नसता.

“काका, मुख्य काम काय असायचं?” असे मी विचारले. (वयाने ते माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत, पण त्यांच्या पांढऱ्या मिशांनी ते संबोधन आपसूक तोंडी आले.) ते म्हणाले, “वाट बघणं. विमान हवेत आहे तोवर आपण गाडीपाशी. ते उतरलं, इंजिन थांबलं, की मग आपला श्वास सुटला.”

या वाट पाहण्याचा हिशोब मिनिटांत मांडला गेला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार बंबाने वापरातील धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी तीन मिनिटांच्या आत पोचावे आणि फोमचा मारा सुरू करावा. उद्दिष्ट तर दोनच मिनिटांचे आहे. हा आकडा कोणा बाबूने मनाने ठरवलेला नाही. विमानाचे इंधन जमिनीवर सांडून पेटले, तर ॲल्युमिनियमचे कवच ती ज्वाला फार काळ थोपवू शकत नाही. आग आत शिरली, धूर कोंडला, की माणसाच्या हातात थोडे श्वास उरतात. म्हणून पाळी बदलताना बंबाचे पाणी, फोमची पातळी, पंप, टायर आणि वायरलेस रोज तपासायचे. काल तपासले होते, हे उत्तर तेथे चालत नाही. विमानतळाचा नकाशा डोक्यात असावा लागतो. धुक्यात पाटी वाचत बसायला वेळ नसतो.

एवढे नागरी विमानतळावरही असते. लष्करी विमानतळावर मात्र वाचवायचे यंत्र स्वतःच स्फोटकांनी भरलेले असते. लढाऊ विमानातील वैमानिक ज्या आसनावर बसतो, ते आसन संकटात त्याला आकाशात फेकून देते, आणि हे फेकणे दारूच्या काडतुसांनी व रॉकेटने होते. काही विमानांच्या काचेत ती फोडण्यासाठी बारीक स्फोटक वात बसवलेली असते. जखमी वैमानिकाला घाईने ओढून काढताना चुकीच्या जागी हात पडला, तर दोघेही संपले. ८ नोव्हेंबर २०११ रोजी ब्रिटिश हवाईदलाच्या ‘रेड ॲरोज’ या प्रात्यक्षिक पथकातील एका वैमानिकाचे आसन विमान जमिनीवर उभे असतानाच उडाले. हवाई छत्री उघडली नाही आणि तो मृत्युमुखी पडला. तेव्हा त्या विमानाला आगही लागलेली नव्हती, सारे शांत होते. हेच यंत्र ज्वाळांमध्ये हाताळायचे, आधी सेफ्टी पिन योग्य जागी घालायची, मग पट्टे सोडायचे, इंधनाचा पुरवठा बंद करायचा आणि मग माणूस उचलायचा, हा क्रम फायरमनला प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळा पाठ करावा लागतो. शिवाय बंदूक आणि रॉकेटच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही. वाऱ्याच्या दिशेकडून पुढे सरकायचे. उतरताना ब्रेक लालबुंद झाले असतील, तर चाकाकडे समोरून किंवा मागून जायचे, बाजूने कधीच नाही. कारण चाक फुटले तर त्याचे तुकडे आसाच्या रेषेत सुटतात.

दाबोळीच्याच दोन घटना घ्या. ३ जानेवारी २०१८ रोजी नौदलाचे मिग-२९के जातीचे विमान धावपट्टीबाहेर जाऊन पेटले. शिकाऊ वैमानिक सुखरूप बाहेर पडला. ८ जून २०१९ रोजी त्याच जातीच्या विमानाची जादा इंधनाची टाकी उड्डाणाच्या वेळी सुटून पडली आणि धावपट्टीवर आग लागली. काही तास विमानतळ बंद राहिला. त्या दिवशी ताटकळलेल्या प्रवाशांची चिडचिड समजण्यासारखी आहे. पण तो खोळंबा काही तासांपुरताच राहिला, यात कोणाच्या तरी कष्टांचा वाटा होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

आता या माणसाकडून आपण कोणत्या पात्रतेची अपेक्षा करतो ते पाहू. लष्करी आस्थापनांत हे काम काही ठिकाणी गणवेशातील जवान करतात, तर काही ठिकाणी संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी. नागरी फायरमनच्या भरतीच्या जाहिराती मी मुद्दाम मिळवून वाचल्या. शिक्षण दहावी उत्तीर्ण. मान्यताप्राप्त संस्थेतून वा राज्याच्या अग्निशमन सेवेतून घेतलेले प्रशिक्षण. अग्निशामके, होज, ट्रेलर पंप, फोम ब्रांच यांचा वापर आणि देखभाल यांची माहिती. उंची १६५ सेंटिमीटर, छाती ८१.५ आणि फुगवून ८५, वजन किमान ५० किलो. त्यानंतर शारीरिक कसोटी: ६३.५ किलो वजनाच्या माणसाला खांद्यावर घेऊन १८३ मीटर अंतर ९६ सेकंदांत कापायचे, २.७ मीटर रुंदीचा खड्डा उडी मारून दोन्ही पायांवर पार करायचा आणि ३ मीटर उभा दोर हातापायांनी चढायचा.

हे आकडे असे अडनिडे का, हा प्रश्न मला पडला. कला शाखेचा पदवीधर असल्याने माझे गणित यथातथाच आहे, तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ६३.५ किलो म्हणजे बरोबर दहा स्टोन. १८३ मीटर म्हणजे दोनशे यार्ड. २.७ मीटर म्हणजे नऊ फूट आणि १६५ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट पाच इंच. म्हणजे साहेबाने घातलेली मापे आपण फक्त मेट्रिकमध्ये भाषांतरित करून ठेवली आहेत! अर्थात माप साहेबाचे आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. खांद्यावर माणूस घेऊन ताशी सात किलोमीटरच्या वेगाने पळणे, हे कोणत्याही देशात आणि कोणत्याही काळात कठीणच. ज्यांना शंका असेल त्यांनी घरातल्या एखाद्या मेहुण्याला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहावे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही कसोटी माणसाचे शरीर मोजते, आणि तेही तो पंचविशीच्या आतबाहेर असताना. त्याच माणसाला पुढे तीस वर्षे पाठीवर श्वसनयंत्र आणि अंगावर जाड पोशाख घालून तेच काम करायचे असते. म्हणून ही क्षमता दरवर्षी मोजली गेली पाहिजे, आणि ती टिकवण्यासाठी लागणारा व्यायाम व सकस आहार ही तळाची जबाबदारी मानली गेली पाहिजे. ‘दहावी पास’ या शब्दांवरून काही विद्वान नाक मुरडतात आणि पदवीची अट घाला म्हणतात. ते मला मान्य नाही. पदवीने आग विझत नाही. उलट खेड्यातल्या काटक मुलाची वाट मात्र बंद होते. वाढवायचे तर प्रशिक्षण वाढवावे. १९५६ साली रामपूरला सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या महाराष्ट्रात आहे. तळावरच्या प्रत्येक फायरमनला ठराविक वर्षांनी अशा संस्थेत पाठवून, खऱ्या इंधनाच्या खऱ्या आगीवर सराव देणे हे चैनीत मोडत नाही.

प्रशिक्षण नसले की काय होते, याचा धडा अमेरिकी नौदलाने २९ जुलै १९६७ रोजी घेतला. ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर चुकून सुटलेल्या रॉकेटने विमानांचे इंधन पेटले. प्रशिक्षित पथक हातातल्या अग्निशामकांनिशी धावले, परंतु दीड मिनिटाच्या आसपास पहिला बाँब फुटला आणि ते पथकच जवळजवळ नष्ट झाले. उरलेले खलाशी शूर होते, पण त्यांना शिकवलेले नव्हते. एकाने फोमचा थर अंथरावा आणि दुसऱ्याने पाण्याच्या माऱ्याने तो धुऊन काढावा, असे घडले. त्या दिवशी १३४ जण प्राणांना मुकले. त्यानंतर त्या नौदलात अग्निशमनाचे शिक्षण हा प्रत्येक खलाशाच्या घडणीचा भाग झाला. आपल्या तळांवर बंबावरच्या माणसांखेरीज तंत्रज्ञ, चालक, पहारेकरी अशा किती जणांना फोम आणि पाणी यांतला भेद ठाऊक असतो, हे तेथील अधिकाऱ्यांनीच तपासून पाहावे.

आणखी एक विषय आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. ज्या फोमने हा माणूस दुसऱ्यांना वाचवतो, त्या फोमच्या जुन्या प्रकारांत काही टिकाऊ फ्लोरिनयुक्त रसायने असतात. ती शरीरात आणि भूजलात वर्षानुवर्षे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या व्यवसायालाच कर्करोगकारक ठरवले, आणि २०२३ च्या अखेरीस या रसायनांपैकी एकाला त्याच यादीत घातले. सरावाच्या दिवशी फोममध्ये भिजलेला गणवेश घरी नेऊन बायकोने इतर कपड्यांबरोबर धुवायचा, ही आपल्याकडची साधी रीत. गाडीतल्या त्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “आम्हाला तर हात धुवायचा साबण संपला की तोच वापरायची सवय.” निवृत्तीनंतरही अशा माणसांची ठराविक आरोग्य तपासणी व्हावी, तिची नोंद राहावी आणि गणवेश तळावरच धुतला जावा, या मागण्यांना फार पैसा लागत नाही.

‘अग्निवीर’ हा शब्द २०२२ पासून घरोघर पोचला. पण ज्याची अग्नीशी खरोखर गाठ पडते, त्याला आपण अजून ‘बंबवाला’च म्हणतो. विदर्भातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा बाँबच्या गोदामाकडे धावत जाऊन प्राण गमावणाऱ्यांत सेनाधिकाऱ्यांबरोबर अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. १४ एप्रिल हा दिवस १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात बळी गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ पाळला जातो. आपल्या किती शाळांत त्या दिवशी एखाद्या फायरमनला बोलावले जाते? सैनिकाचा सत्कार आपण उत्साहाने करतो आणि तो करायलाच हवा. त्याच व्यासपीठावर एखादी खुर्ची यांच्यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

आता थोडे आपल्या स्वतःच्या वागण्याविषयी. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटले. आतले प्रवासी बहुसंख्येने भारतीय होते. सर्वच्या सर्व ३०० जण जिवंत बाहेर पडले. विमान जळत असताना वरच्या कप्प्यांतून बॅगा काढण्याची धडपड करणाऱ्या प्रवाशांचे चित्रण पुढे सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर थोड्याच वेळात इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आगीशी झुंजणारा एक अग्निशामक ठार झाला.

हा प्रसंग मी गाडीतल्या गृहस्थांना सांगितला. त्यांना तो माहीत होता. तळावर त्यांना ते चित्रण दाखवले गेले होते. मी विचारले, “राग नाही आला?” ते म्हणाले, “राग कसला? माणसं घाबरलेली असतात. आपण त्यांना ओरडून खाली ढकलायचं, आणि बॅग राहू द्या म्हणायचं.” मग पुणे आले. उतरताना त्यांनी स्वतःची पिशवी घेतली, आणि डब्याच्या दाराशी अडकलेल्या एका म्हातारीची जड ट्रंक न विचारताच खांद्यावर टाकली.