रात्रीची वही

आमच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या तासाला हमखास डुलक्या घ्यायचा. उठवले की चिडायचा, वही भिरकावायचा, स्वतःचाच हात चावायचा. आम्ही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. तिसऱ्या वेळी त्याच्या अम्मीला शाळेत बोलावले. ती खालमानेने म्हणाली, "सर, ये रातकू दो बजे उठता, फिर सोताच नई. पाँच साल से मैं बी नई सोई."

इतकी वर्षे शिकवतो आहोत, पण मुलाची रात्र कशी गेली, हे आम्ही कधी कोणाला विचारलेच नव्हते.

बौद्धिक वाढ मंदावलेल्या किंवा स्वमग्न असलेल्या मुलांत झोपेची तक्रार नेहमीची आहे. काही दुर्मिळ आजारांत तर ती आजाराचाच भाग असते. स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम हा त्यातला एक. यात बहुतेक मुलांच्या सतराव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा जन्मतःच नसतो. अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि झोप येते. या मुलांत ते बहुधा दिवसा वाढते. म्हणजे शरीराचे घड्याळच उलटे. एंजलमन सिंड्रोममध्ये मूल फार कमी झोपते. रेट सिंड्रोम मुख्यतः मुलींना होतो. त्या मध्यरात्री अचानक हसतात किंवा किंचाळतात.

घरात मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते साया आहे. दुआ जरूर करावी, पण तपासणी टाळू नये. आणि मारू तर मुळीच नये. जे मूल झोपलेच नाही ते दुसऱ्या दिवशी चिडणार, डोके आपटणार. आपण त्याला शैतानी म्हणतो, ती पुष्कळदा थकवा असते.

कधी कारण वेगळेही असते. रात्री येणारे झटके, घोरणे, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, दातदुखी, अंगात लोह कमी असणे. बोलता न येणारे मूल दुखणे सांगणार कसे?

म्हणून एक काम करा. पंधरा दिवस एक वही ठेवा. मूल किती वाजता झोपले, कितीदा उठले, दिवसा केव्हा डुलकी घेतली, चिडले केव्हा आणि त्याआधी काय घडले, एवढेच लिहा. झोपेत अंग झटकत असेल तर मोबाइलवर चित्रण करा. "झोपत नाही" या दोन शब्दांपेक्षा ही वही डॉक्टरांना खूप काही सांगते. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध पाजू नका. मेलाटोनिनची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इशानंतर दिवे मंद, मोबाइल बंद, रोज तीच वेळ, तीच जागा. रमजानमध्ये सहरीच्या गडबडीत ही घडी मोडते. तेव्हा अशा मुलाचे अंथरूण आतल्या खोलीत घाला. दाराची कडी उंचावर लावा, काडेपेटी व औषधे कुलपात ठेवा. आणि अब्बांनो, रात्री आळीपाळीने जागा. अम्मीही माणूसच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र निदान व उपचार केंद्राची सोय या कार्यक्रमात आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पाहुण्यांसमोर लपवतो तसे डॉक्टरांपासून लपवू नका.

त्या मुलाला नेमके काय आहे, याच्या तपासण्या अजून चालू आहेत. त्याच्या अम्मीला लिहिता येत नाही; वही त्याची मोठी बहीण लिहिते. आम्ही गणित पहिल्या तासाला घेतले. दुसऱ्या तासाला तो मागे चटईवर वीस मिनिटे पडतो, मग वर्गात बसतो. हात चावणे थांबलेले नाही, कमी झाले आहे. बाहेर उभे केल्याबद्दल आम्ही त्याची माफी मागितली. त्याला ती कळली की नाही, कोण जाणे. त्याच्या अम्मीला कळली.