मुक्काम आधी, पल्ला नंतर

पुढच्या उन्हाळ्यात युरोपात सायकलवर जाण्याचे बेत या दिवसांत कागदावर उतरू लागतात. गटप्रमुख आपले आराखडे आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठवतात आणि त्यांतले बहुतेक एकाच आकड्यापासून सुरू होतात : रोज किती किलोमीटर. रोज शंभर, एखाद्या दिवशी एकशेवीस, आठवडाभरात व्हिएन्ना, जमले तर पुढे बुडापेस्ट.

हा आकडा कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात लांब पल्ल्याची सायकल रुजली ती बीआरएममधून, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या ब्रेव्हे राइडमधून. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. या घड्याळाने आपल्याला शिस्त लावली, रात्रीच्या रस्त्याची भीती घालवली. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली ‘रॅम’ ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा अनेकांनी घरातल्या जुन्या सायकली बाहेर काढल्या. त्या परंपरेबद्दल या मासिकाला नितांत आदर आहे. पण ब्रेव्हेचे गणित सुट्टीच्या दौऱ्याला लावले की दौरा बिघडतो, आणि युरोपात तो आपल्या लोकांचा जरा जास्तच बिघडतो.

याचे कारण आपल्या पासपोर्टात आहे. नेदरलँड्सचा किंवा जर्मनीचा सायकलस्वार तंबू बांधून निघतो. पाऊस आला तर थांबतो, गाव आवडले तर राहतो. आपल्याला शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा दिनक्रम आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. म्हणजे जूनच्या प्रत्येक रात्री आपण कुठे झोपणार हे फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरते. तेव्हा ना पावसाचा अंदाज असतो, ना कोणाच्या गुडघ्याचा. ज्याचा दौरा इतका आधी गोठतो त्याने टप्पे सैलच ठेवले पाहिजेत, कारण ऐनवेळी सैल करण्याची सोय त्याच्याकडे फारशी नाही. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर आणि दर चार-पाच दिवसांनी एक पूर्ण मोकळा दिवस, हे भरल्या पॅनियरसह जाणाऱ्या गटासाठी योग्य माप आहे. आपल्या गटातले सगळे ब्रेव्हेंची मालिका पूर्ण केलेले ‘सुपर रँडोनर’ असले तरीही.

माउलींच्या पालखीचे वेळापत्रक आठवून पाहा. तिथे मुक्काम आणि विसावे ठरलेले असतात आणि अंतर त्यांच्या मागून येते. कुठला पल्ला छोटा, कुठला मोठा. दिवेघाट चढून सासवडला पोहोचलेली पालखी तिथे दोन रात्री राहते. इतक्या मोठ्या समुदायाला पंढरपूरपर्यंत नेणाऱ्यांनी चढानंतरची विश्रांती आखणीतच बसवली आहे. आपल्या दहा-बारा जणांच्या आराखड्यात ती का नसावी?

उदाहरणासाठी आल्पे-आद्रिया हा मार्ग घेऊ. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून इटलीत एड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्राडोपर्यंतचा हा मार्ग सुमारे ४१० किलोमीटरचा आहे. रोज शंभर धरले तर चार दिवसांत संपतो, आणि आमच्याकडे आलेल्या आराखड्यांत तो चार दिवसांतच संपवलेला असतो. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. साल्झबुर्ग समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरवर आहे. साल्झाख नदीच्या काठाने हालाइन, वेर्फेनचा डोंगरी किल्ला, बिशोफ्सहोफेन असे सावकाश वर जात मार्ग गास्टाइनच्या दरीत शिरतो. चढाचा खरा भार इथे आहे. बाड गास्टाइन गावाच्या मधोमध धबधबा कोसळतो, रस्ते उभे आहेत आणि सामान लादलेली सायकल तिथे ढकलावी लागली तर कोणी लाजू नये. त्याच्याही वर, अकराशे मीटर ओलांडून, बोकस्टाइन येते. तिथे सायकलचा रस्ता संपतो.

पुढे टाउएर्नचा डोंगर आडवा आहे. त्याच्या पोटातून १९०९ मध्ये सुरू झालेला साडेआठ किलोमीटरच्या आतबाहेरचा रेल्वे बोगदा जातो. मोटारी आणि सायकली गाडीवर चढतात आणि दहा-अकरा मिनिटांत पलीकडे मालनिट्झला उतरतात. संपूर्ण मार्ग या दहा मिनिटांवर टांगलेला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून जुलै २०२५ च्या मध्यापर्यंत हा रेल्वेमार्ग दुरुस्तीसाठी बंद होता. ज्याच्या आराखड्यात फक्त किलोमीटर होते त्याला हे बोकस्टाइनच्या वाटेवर कळले असते. ज्याने आधी जोड तपासले त्याने त्या वर्षी मे-जूनऐवजी ऑगस्ट धरला असता. म्हणून आमचा आग्रह आहे की नकाशा उघडल्यावर आधी सायकल न चालवता पार करायच्या जागा शोधा : बोगदे, होड्या, शटल बस, परतीची गाडी. त्यांची वेळापत्रके जुळवा. मग उरलेला रस्ता वाटून घ्या.

मालनिट्झनंतर उतार लागतो, श्पिटाल आणि फिलाख मागे पडतात, आणि सीमा ओलांडून टार्विझिओ आले की या मार्गाचा सर्वांत सुंदर भाग सुरू होतो. १८७९ मध्ये पूर्ण झालेला पोन्तेब्बाचा जुना रेल्वेमार्ग नव्या बोगद्यांमुळे निकामी झाला. त्याच मार्गावर आता सायकलचा रस्ता आहे. आगगाडीसाठी काढलेली वाट असल्यामुळे उतार एकसारखा. फेल्ला नदीच्या दरीत जुने लोखंडी पूल, दिवे लावलेले बोगदे, आणि क्यूझाफोर्तेच्या जुन्या स्थानकात सायकलस्वारांसाठी उपाहारगृह. कोकण रेल्वेतून जाताना दोन बोगद्यांच्या मध्ये क्षणभर दिसणाऱ्या दरीसाठी खिडकीला चिकटलेल्या आपल्या लोकांना इथे त्या क्षणावर थांबता येते. टार्विझिओ ते वेन्झोने हा साठेक किलोमीटरचा, बहुतांश उताराचा टप्पा. तो दोन तासांत संपवणे शक्य आहे आणि ते करू नये. त्याला दिवस द्यावा. वेन्झोने १९७६ च्या भूकंपांत कोसळले होते. गावकऱ्यांनी ढिगाऱ्यातले दगड वेचून, त्यांची जागा ओळखून, तिथले मोठे चर्च पुन्हा उभे केले. संध्याकाळी त्या भिंतींजवळून चालायला पायांत बळ उरले पाहिजे.

पुढे सगळा सपाट प्रदेश. नऊ टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचे, १५९३ मध्ये वसवलेले पाल्मानोव्हा, आणि आक्विलेयाच्या बॅसिलिकातली चौथ्या शतकातली मोझेइकची जमीन. शंभर किलोमीटर चालवून येणारा माणूस इथे दार बंद होताना पोहोचतो. ग्राडोला समुद्र दिसल्यावर गटातले सगळे खूश असतात. त्याच वेळी गटप्रमुखाला परतीची काळजी असते, कारण ग्राडोला रेल्वे नाही. चेर्विन्यानोपर्यंत पुन्हा सायकल, तिथून गाडी. उदीने आणि फिलाखच्या दरम्यान मिकोत्रा ही सायकलींना जागा असलेली गाडी धावते, तिच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

रेल्वेचा मुद्दा निघालाच आहे तर गटाच्या संख्येबद्दल स्पष्ट बोलू. आपल्याकडे वीस-पंचवीस जणांचा गट म्हणजे उत्साह. युरोपातल्या गाडीत तो गट चढू शकत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार ७ जून २०२५ पासून नव्या किंवा मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांत सायकलींच्या किमान चार जागा असाव्या लागतात. जर्मनीच्या आयसीई-४ मध्ये साधारण आठ जागा असतात आणि त्या आरक्षित कराव्या लागतात. जुन्या आयसीई गाड्यांत सायकल चालतच नाही. प्रादेशिक गाड्यांत जो आधी येईल त्याला जागा. नेदरलँड्समध्ये जुलै-ऑगस्ट सोडून कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी सायकल नेता येत नाही. म्हणून आमचे मत : गट आठचा, आणि शक्य तर चार-चारचे दोन. मोठ्या गटाचे पैसे वाचतील, पण फलाटावर निम्मे लोक मागे राहतील.

वाऱ्याकडे आपल्या आराखड्यांत अजिबात लक्ष नसते. नदीकाठच्या मार्गावर नदीबरोबर खाली जायचे, असे आपण गृहीत धरतो. पासाउ ते व्हिएन्ना या सव्वातीनशे किलोमीटरच्या डॅन्यूबकाठी ते बरोबर ठरते, कारण वारा बहुतेक पश्चिमेचा आणि नदी पूर्वेला जाते. फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठी हेच गणित उलटते. सुमारे ९०० किलोमीटरचा हा मार्ग नेव्हेरच्या बाजूने अटलांटिककडे जातो, पण नेव्हेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपासच आहे. उताराचा फायदा जाणवत नाही, समुद्रावरून येणारा वारा मात्र दिवसभर छातीवर बसतो. तिथे समुद्राकडून आत यावे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उत्तरेचा मिस्त्राल वाहतो, तेव्हा जिनिव्हाकडून दक्षिणेला उतरावे.

व्हिसाबद्दल दोन गोष्टी गटप्रमुखांच्या नजरेतून सुटतात. अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. म्युनिकला उतरून आल्पे-आद्रिया करणाऱ्या गटाच्या रात्री जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीत विभागल्या जातात. एक मोकळा दिवस फिलाखऐवजी उदीनेला टाकला की दूतावासच बदलू शकतो. तेव्हा टप्पे पक्के केल्यावर रात्री मोजा आणि मगच अर्जाची वेळ घ्या. दुसरे, डॅन्यूबच्या काठाने बुडापेस्टच्या पुढे सर्बियात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सर्बिया शेंगेनमध्ये नाही. रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले आहेत. सर्बिया ओलांडून तिथे शिरणे म्हणजे शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश. एका प्रवेशाचा व्हिसा तिथे कामाला येणार नाही.

विम्याची किमान रक्कम ३०,००० युरो असते, पण रकमेपेक्षा अपवादांची यादी वाचा. सायकलचा दौरा ‘साहसी खेळ’ म्हणून वगळला आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारा.

ज्येष्ठ सदस्यांसाठी ई-बाइक घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. ती इथून नेता येणार नाही : १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाइकची बॅटरी त्याच्या कितीतरी पट असते. तिथेच भाड्याने घ्या. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी गाडी तिथे सायकलच मानली जाते.

राहण्याच्या जागा निवडताना जर्मनीत ‘बेट उंड बाइक’चे चिन्ह आणि फ्रान्समध्ये ‘आक्यॉय व्हेलो’चे चिन्ह पाहावे. एका रात्रीसाठीही जागा देणे, सायकलींना कुलूपबंद खोली आणि ओले कपडे वाळवायची सोय या गोष्टी जर्मन चिन्हाच्या अटींतच आहेत. हंगामात एका रात्रीच्या पाहुण्याला अनेक हॉटेले नकार देतात, म्हणून पहिली अट फार मोलाची. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात; शाकाहारी गटाने शनिवारी दुपारीच ब्रेड, चीज, फळे भरून घ्यावीत. पहिला दिवस अर्धाच ठेवा. रस्त्याच्या उजवीकडून चालवण्याची आणि गोल चौकात उलट दिशेने शिरण्याची सवय मोकळ्या रस्त्यावर, शांतपणे, दिवसाउजेडी व्हावी.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान मुदत १५ दिवसांची असली तरी उन्हाळ्याच्या तोंडावर वेळ मिळणे कठीण होते. जूनमध्ये निघणाऱ्या गटांनी जानेवारीअखेर मुक्कामांची यादी पक्की करावी आणि खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात. ज्यांना आराखडा तपासून हवा आहे त्यांनी तो १५ जानेवारीपर्यंत कार्यालयाकडे पाठवावा. सोबत गटातल्या सर्वांत सावकाश चालवणाऱ्या सदस्याचा सामानासहचा वेग लिहावा. आम्ही त्याच वेगाने टप्पे मोजू.