न पाहता केलेली खूण

यादीवर न पाहता केलेली बरोबरची खूण म्हणजे खोटे बोलणेच, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी वर्गात नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीत भिलाईच्या कोहक्यात, मामांच्या अंगणात शिकलो.

मामांकडे मद्रासला बनलेली जुनी स्टँडर्ड हेराल्ड आहे. मूळची ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. त्याच वर्षी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. हेराल्डचीच चेसिस आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. या दोन्ही गाड्यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असते. मामांच्या गाडीची चेसिस गंजली होती, म्हणून बॉडी उचलायची होती.

उचलायला दहा मिनिटे, तयारीला आठ दिवस! आधी बॅटरी काढली, पेट्रोल उपसले. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली. स्टिअरिंगचा दांडा, हँडब्रेक व स्पीडोमीटरच्या केबल, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या सोडवल्या. गंजलेल्या बोल्टांवर रात्रीच तेल सोडले. बॉडीखालच्या पट्ट्या जागेनुसार डब्यांत ठेवल्या, कारण त्या बदलल्या तर दारे नीट लागत नाहीत. छप्पर आधीच्या मालकानेच काढले होते. अशी उघडी बॉडी उचलताना मधोमध वाकते, म्हणून दारांच्या जागी लोखंडी अँगलचा आधार दिला.

यादी माझ्या हातात होती. शेवटच्या दिवशी कंटाळून मी उरलेल्या ओळींवर सरसकट खुणा केल्या आणि म्हणालो, "मामा, झालं सगळं."

शेजारची सहा माणसे आली. तीन कोपरे वर आले, चौथा हलेना. कोणीतरी म्हणाले, "और जोर लगाओ!" मामा ओरडले, "थांबा! खाली ठेवा." मागच्या सीटखाली एक बोल्ट तसाच होता. आणखी जोर लावला असता तर बॉडी पिळली असती. एखाद्याचा हात खाली सापडला असता.

मामा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्या खुणेवर सहा माणसांनी हात लावला होता."

आपल्याकडेही याद्या असतात: किटची, रायफलची, अडथळ्यांच्या दोराची. संचलन सर्वांना दिसते, यादी कोणालाच दिसत नाही. म्हणूनच मला वाटते, एखाद्या कॅडेटने "सर, हे मी पाहिलेलं नाही" असे सांगितले, तर त्याला शिक्षा होऊ नये. शिक्षेच्या भीतीनेच आपण खोट्या खुणा करतो. आणि आपण कॅडेटांनीही लक्षात ठेवावे: त्या दोराला उद्या आपलाच मित्र लटकणार आहे.