नावडतीचे मीठ : ‘येस’चे अप्रिय अल्बम आणि मूल्यनिर्णयाचा प्रश्न

लोकप्रिय संगीताच्या चाहत्यांनी आपापसांत घातलेले वाद गंभीर समीक्षेच्या कक्षेबाहेरचे होत, असे मराठी साहित्यविचाराने जवळजवळ गृहीतच धरले आहे. हे गृहीत सोयीचे असले तरी समर्थनीय नाही. अमुक कलाकृती चांगली आहे की नाही आणि नसेल तर का, हा प्रश्न विद्यापीठीय समीक्षेने ‘अभिरुचीचे समाजशास्त्र’ या नावाच्या गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला आहे. चाहते मात्र त्याच प्रश्नावरून वर्षानुवर्षे भांडत असतात. त्यांची उत्तरे पुष्कळदा चुकतात. पण चुकीचे उत्तर देणारा मनुष्य प्रश्नच सोडून देणाऱ्यापेक्षा समीक्षेच्या अधिक निकट असतो.

या दृष्टीने १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘येस’ या प्रोग्रेसिव्ह रॉक गटाचे उदाहरण विचारार्ह आहे. ‘द येस अल्बम’ (१९७१), ‘फ्रॅजाइल’ (१९७१) आणि ‘क्लोज टु द एज’ (१९७२) या तीन अल्बमच्या श्रेष्ठत्वाविषयी त्याच्या चाहत्यांत फारसे दुमत नाही. वाद आहे तो ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३), ‘टॉर्मॅटो’ (१९७८), ‘ड्रामा’ (१९८०) आणि ‘युनियन’ (१९९१) यांसारख्या अल्बमविषयी. त्यांतही ‘टेल्स’वरचा वाद सर्वांत जुना आणि सर्वांत कडवट आहे. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूस सुमारे वीस मिनिटांची एकच रचना, असे त्याचे स्वरूप. एका पक्षाच्या मते हा आत्मरतीचा कळस आहे. दुसऱ्याच्या मते ती न उमगलेली श्रेष्ठ कृती आहे.

वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोघांचे गृहीतकृत्य एकच आहे. अप्रियता ही एकजिनसी गोष्ट असून तिचे एकच कारण असते, असे दोघेही मानतात. पहिला पक्ष नावडतीचे मीठ अळणी ठरवतो. कोणतीही लकब, जी प्रिय अल्बममध्ये गुण मानली गेली, ती येथे दोष होते. दुसरा पक्ष कहाण्यांतल्या नावडत्या राणीची गोष्ट सांगतो : राजाने तिला गोठ्यात ठेवले, काळ लोटला, देव प्रसन्न झाला आणि तिच्या सत्त्वाची खूण सर्वांना पटली. कहाणी सुफळ संपूर्ण होते खरी, पण राणीच्या गुणांची परीक्षा कोठेच होत नाही. नावडती असणे हाच तिच्या सत्त्वाचा पुरावा मानला जातो.

या दुसऱ्या पक्षाला अलीकडे सिद्धांताचाही आधार सापडला आहे. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली मांडलेल्या ‘अपेक्षाक्षितिजा’च्या संकल्पनेनुसार कलाकृती आणि वाचकाच्या प्रस्थापित अपेक्षा यांतील अंतर हे तिच्या कलात्मकतेचे एक गमक ठरते. त्यावरून असे अनुमान काढले जाते की, ज्या अर्थी ‘टेल्स’ श्रोत्यांना रुचला नाही त्या अर्थी तो त्यांच्या क्षितिजापलीकडचा होता. हे अनुमान उलट दिशेने चालवलेले आहे. नवी कलाकृती अपेक्षाभंग करते, हे मान्य केले तरी अपेक्षाभंग करणारी प्रत्येक कलाकृती नवी असते असे त्यातून निष्पन्न होत नाही. फसलेली कृतीदेखील अपेक्षाभंगच करते. अंतर मोजता येते. ते अंतर कृतीने पुढे टाकलेल्या पावलाचे आहे की तिच्या घसरणीचे, हे मोजपट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी कृतीकडेच परतावे लागते.

शिवाय ‘टेल्स’च्या बाबतीत ‘श्रोत्यांना रुचला नाही’ हे विधानही तपासून घ्यावयास हवे. केवळ आगाऊ मागणीच्या बळावर या अल्बमला ब्रिटनमध्ये ‘गोल्ड’ दर्जा मिळाला आणि तेथील विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अर्थात हा कौल ऐकण्यापूर्वीचा होता. तो ‘टेल्स’ला नव्हे, ‘क्लोज टु द एज’ने कमावलेल्या पतीला होता. दुसरीकडे, १९७३ च्या नोव्हेंबरात गटाने ब्रिटनच्या दौऱ्यात हा अल्बम सादर करण्यास प्रारंभ केला तेव्हा तो दुकानांत आलेला नव्हता. ऐंशी मिनिटांचे संपूर्ण अपरिचित संगीत श्रोत्यांना एका बैठकीत प्रथमच ऐकावे लागले. विक्रीचा आकडा आणि सभागृहातील अस्वस्थता या दोन्ही गोष्टी कृतीच्या मूल्याविषयी काहीच सिद्ध करीत नाहीत. तरीही दोन्ही पक्ष त्यांतली आपल्याला हवी ती उचलतात.

आत्मरतीच्या आरोपाचा मुख्य आधार लांबी हा असतो. पण ‘क्लोज टु द एज’ ही शीर्षकरचनाही जवळजवळ एकोणीस मिनिटांची आहे आणि तिच्या लांबीविषयी कोणाची तक्रार नाही. तेव्हा लांबी हे कारण नव्हे, लांबीचा विनियोग हे कारण असले पाहिजे. पूर्वीच्या रचनेत चार भाग आहेत. तिसऱ्या भागात गती मंदावते, चर्च-ऑर्गनच्या नादाने अवकाश विस्तारतो आणि शेवटच्या भागात आरंभीची सामग्री परत येते. परंतु मधल्या स्तब्धतेतून गेल्यामुळे ती पूर्वीची राहत नाही. परतणे हे येथे रूपांतर असते. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर संवाद, विरोध आणि समतोल यांची लय तेथे घाटाच्या पातळीवर सिद्ध होते. ‘टेल्स’च्या दुसऱ्या बाजूवरील ‘द रिमेंबरिंग’मध्येही सामग्री परत येते, वारंवार येते. परंतु तिच्या दोन आगमनांमध्ये असे काही घडत नाही की ज्यामुळे दुसरे आगमन पहिल्याहून वेगळे ऐकू यावे. स्मरण हा तिचा विषय आहे. पण पुनरावृत्ती म्हणजे स्मरण नव्हे. उलट चौथ्या बाजूवरील ‘रिच्युअल’मध्ये बासचे एकलवादन, त्यानंतरचा तालवाद्यांचा कल्लोळ आणि त्यातून वर येणारे शांत गान यांचा क्रम अपरिहार्य वाटतो. एकाच अल्बमच्या दोन बाजूंविषयी दोन भिन्न निर्णय देणे हे येथे आवश्यक ठरते, आणि ‘कळस की श्रेष्ठ कृती’ या द्वंद्वात नेमके तेच अशक्य होते.

गटाचा कीबोर्डवादक रिक वेकमन याने या अल्बमविषयीची आपली नाराजी कधी लपवली नाही. त्याच्या दौऱ्यानंतर १९७४ मध्ये त्याने गट सोडला. एका तबकडीसाठी सामग्री जास्त आणि दोन तबकड्यांसाठी कमी होती, हे त्याचे मत चाहत्यांच्या वादात वारंवार उद्धृत होते. या मतात एक महत्त्वाचे सत्य आहे, परंतु ते अल्बमपुरते मर्यादित नाही. लाँगप्ले तबकडीची एक बाजू सुमारे वीस-बावीस मिनिटांची, ही मर्यादा तंत्राने घातलेली होती. ‘क्लोज टु द एज’चा घाटही याच मर्यादेने घडला. फरक एवढाच की तेथे रचना वाढत वाढत बाजूच्या काठापर्यंत पोहोचली आणि येथे चार बाजू आधी ठरल्या, मग त्या भरावयाच्या राहिल्या. माध्यमाची चौकट एका ठिकाणी शिस्त झाली, दुसऱ्या ठिकाणी कर्ज झाली. पुढे अल्बम सीडीवर आला, २००३ च्या आवृत्तीत पहिल्या रचनेला सुमारे दोन मिनिटांचा मूळचा प्रारंभ पुन्हा जोडला गेला, २०१६ मध्ये नवे ध्वनिमिश्रण प्रसिद्ध झाले. बाजू उलटण्याचा विराम नाहीसा झाल्यावर त्या कर्जाचा हिशेबही अस्पष्ट झाला. माध्यमाचा विचार न करता आजचा श्रोता ‘पाल्हाळ’ म्हणतो, तेव्हा तो नेमक्या कोणत्या संहितेविषयी बोलत आहे, हे त्याला विचारावयास हवे.

भारतीय अभ्यासकावर या वादात एक वेगळी जबाबदारी येते. अल्बमची चौकट परमहंस योगानंदांच्या ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ (१९४६) या ग्रंथातील एका तळटीपेवरून घेतलेली आहे. १९७३ मध्ये जपानच्या दौऱ्यात गायक जॉन अँडरसनने ती वाचली. तीत श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे असे शास्त्रांचे चार वर्ग सांगितले होते. तळटीपेतून ऐंशी मिनिटे काढली, हा उपहास पाश्चात्त्य टीकाकारांचा आवडता आहे. तो फोल आहे, कारण उगमाच्या लहानपणावरून कृतीचे मूल्य ठरत नाही. परंतु भारतीय परंपरेचा गौरव झाला म्हणून हुरळून जाणेही तितकेच फोल होय. विचारावयाचा प्रश्न असा की, हे चतुर्विध वर्गीकरण रचनेत काही कार्य करते काय?

उत्तर बव्हंशी नकारार्थी द्यावे लागते. शास्त्रपरंपरेत स्मृतीचे प्रामाण्य श्रुतीवर अवलंबून असते आणि विरोधाच्या प्रसंगी स्मृतीला माघार घ्यावी लागते. हा अधिकाराचा संबंध आहे. अल्बममध्ये स्मृती म्हणजे केवळ आठवण होते, पुराण म्हणजे केवळ प्राचीन, तंत्र म्हणजे केवळ विधी. वेष्टनावरील टिपणात तर ‘स्मृती’ हा शब्दही ‘सुरिती’ असा छापला गेला. शब्दांच्या व्युत्पत्तीवर चार भावावस्था उभ्या केल्या गेल्या. त्यांच्यातील तणाव हरवला. दुसरी बाजू पहिलीच्या प्रामाण्याशी झगडती, तर तिच्यातील पुनरावृत्तीला कारण मिळाले असते. तेव्हा गैरसमज हा येथे नैतिक अपराध नव्हे. ती रचनात्मक संधी वाया गेली, एवढाच त्याचा अर्थ. ‘परंपरेचा अपमान’ आणि ‘परंपरेचा सन्मान’ या दोन्ही शब्दप्रयोगांतून हा दोष दिसत नाही.

‘टेल्स’ची ही चिकित्सा इतर अप्रिय अल्बमना लागू करता येत नाही, हाच येथील मुख्य मुद्दा आहे. ‘टॉर्मॅटो’त छोट्या रचना आहेत, तेथे पाल्हाळाचा प्रश्नच नाही. त्यातील ‘ऑनवर्ड’सारख्या गीताचे स्वरशिल्प निर्दोष आहे. दोष आहे तो ध्वनीच्या घडणीत : निर्मितीचा भार गटाने स्वतःच उचलला आणि गिटार व कीबोर्ड एकाच स्वरक्षेत्रात एकमेकांवर आदळत राहिले. हा अभिव्यक्तीच्या साधनाचा दोष आहे, कल्पनेचा नव्हे.

‘ड्रामा’चे प्रकरण आणखी निराळे. अँडरसन आणि वेकमन गेले, ‘बगल्स’ या जोडगटातील ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले. आणि ‘हा येसच नव्हे’ असा निवाडा झाला. मिशेल फूको याने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात संत जेरोमच्या कसोट्यांचा निर्देश केला आहे. त्यांपैकी पहिली कसोटी अशी की, एखाद्या लेखकाच्या नावावरील ग्रंथांत एक ग्रंथ इतरांहून हीन असेल, तर तो त्याच्या नावावरून काढून टाकावा. चाहते नकळत हीच कसोटी वापरतात. किंबहुना तिचा क्रमही उलटवतात. आधी कर्तृत्व नाकारायचे आणि त्या नकारातून हीनत्व सिद्ध करायचे. ‘ड्रामा’तील ‘मशीन मसीहा’ ही दहा मिनिटांहून मोठी रचना गटाच्या शैलीशी किती एकरूप आहे, हे कान देऊन ऐकणाऱ्यास कळते. याच अल्बमला पुढे अनेकांनी स्वीकारले आणि २०१६ मध्ये गटाने तो मैफलींत संपूर्ण सादर केला. हा स्वीकारदेखील मूल्याचा पुरावा नव्हे. पुरावा असलाच तर तो रचनेत आहे.

‘युनियन’मध्ये मात्र कर्तृत्वाचा प्रश्न खरोखरीचा आहे. दोन वेगळ्या गटांची सामग्री एका नावाखाली आणली गेली, आठ सदस्यांची नावे लागली आणि काही वादकांच्या जागी बाहेरच्या वादकांनी वाजवले. वेकमनने ‘ऐकताना रडू येते’ म्हणून त्याला ‘अनियन’, म्हणजे कांदा, असे नाव ठेवले. येथे दोष एखाद्या रचनेत शोधून सापडणार नाही. रचनांना एकत्र ठेवणारी इच्छाच कलात्मक नव्हती. कर्ता मेला असे घोषित करणाऱ्या सिद्धांताने असा अल्बम एकदा ऐकावा. कर्ता खरोखरच अनुपस्थित असला म्हणजे काय होते, हे त्यातून कळते.

चार अल्बम आणि अप्रियतेची चार कारणे : घाट, ध्वनी, नाव आणि हेतू. ‘कमी आवडते’ या एका शब्दाने ही चारही झाकली जातात. चाहत्यांचा दोष असा की ते निर्णय देतात पण भेद करीत नाहीत. विद्यापीठीय समीक्षेचा दोष अधिक गंभीर आहे. ती भेद करू शकते, पण निर्णयच देत नाही. अभिरुची ही वर्गस्थितीशी निगडित असते, हे पिएर बोर्दियूने १९७९ मध्ये दाखवून दिले, आणि ते खरे आहे. परंतु एखादे मत कोठून आले हे सांगितल्याने ते बरोबर की चूक हे ठरत नाही. ज्या समीक्षेला ‘द रिमेंबरिंग’ आणि ‘रिच्युअल’ यांतील फरक ऐकू येतो पण उच्चारावासा वाटत नाही, तिने साहित्याविषयीही मौन पाळणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आणि ती साहित्याविषयी बोलतच असते. लेखकाच्या गौण कृती अभ्यासक्रमातून वगळल्या जातात, किंवा शताब्दीच्या निमित्ताने एकदम गौरवल्या जातात. वगळताना कारण दिले जात नाही, गौरवतानाही नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती श्रेष्ठ कृतींची यादी पडते. श्रेष्ठता कशात आहे हे मात्र त्याला गौण कृतींच्या सान्निध्यातच कळू शकले असते. नावडतीला राजवाड्यात आणावे की गोठ्यात ठेवावे, हा समीक्षेचा प्रश्न नव्हे. तिच्या हातचे चाखून पाहणे आणि मीठ नेमके कोठे कमी पडले ते सांगणे, एवढेच तिचे काम आहे. आणि ते दुसऱ्या कोणी करावे अशी अपेक्षा तिला ठेवता येणार नाही.